एक मशीन, तीन स्पर्श

“पण मशीन तर बंद होतं.” त्या घरात मी ज्याच्याशी बोललो त्याने सुरुवात याच वाक्याने केली. वहिनींनी केली, मुलीने केली, शेजारच्या काकांनीही केली. धुणं होऊन गेलं होतं, पॅनेलवरचे दिवे विझले होते, दार उघडलेलं होतं. आणि तरीही चाळिशीतला, धडधाकट, एक गोळीही चालू नसलेला माणूस त्या मशीनला चिकटला, आणि खाली पडला तेव्हा त्याचं हृदय रक्त ढकलेनासं झालं होतं.

तो वाचला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. माझ्या जुन्या मित्राचा तो धाकटा भाऊ. माझं काम वायरिंग तपासण्याचं. घटनेनंतर चौथ्या दिवशी मित्राने मला बोलावलं ते “काय झालं ते एकदा नीट कळू दे” एवढ्यासाठी. हॉस्पिटलचे कागद त्याने दाखवले, घरच्यांशी मी बोललो, मशीन माझ्या हाताने उघडलं. शरीरातून किती करंट गेला हे मोजायला त्या वेळी तिथे कुणी मीटर घेऊन उभं नव्हतं, त्यामुळे तसे आकडे पुढे येतील ते हिशोबाने काढलेले आहेत असं समजावं.

चपलेचा नियम

मशीन पुढून दार उघडणारं, पाणी तापवायचा हीटर आतच असलेलं. दीडेक वर्षापूर्वी बाथरूममधली मांडणी बदलली आणि ते भिंतीवरच्या सॉकेटपासून थोडं लांब गेलं. वायर पुरेना, म्हणून एक्स्टेंशन बोर्ड आला. मशीनचा प्लग तीन पिनांचा, बोर्डावरची भोकंही तीन. पण त्या बोर्डाची स्वतःची वायर दोन तारांची होती आणि तिच्या टोकाला दोन पिनांचा प्लग. म्हणजे तिसरं भोक हे नुसतं भोक होतं. मी बोर्ड खोलला तेव्हा अर्थिंगची पितळी पट्टी जागेवर होती आणि तिच्यावरचा स्क्रू कोरा करकरीत होता, त्याच्याखाली तार कधी दाबलीच गेली नव्हती. भिंतीतल्या सॉकेटला मात्र उत्तम अर्थिंग होतं, मी मोजलं. ते दीड मीटरवर येऊन थांबलं होतं.

बोर्ड आल्यापासून मशीनला ओला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्याने टेस्टर टेकवला, टेस्टर मंद पेटला, आणि तो म्हणाला, “अशा मशीनला तेवढं येतंच. चप्पल घालून हात लावा.” घरात तसा नियमच झाला. मशीनच्या कपाळावर एक चिठ्ठी चिकटवली: ‘चप्पल घाला’. मी गेलो तेव्हाही ती तिथेच होती, एक कोपरा सुटलेली.

दुरुस्तीवाला अगदीच खोटं बोलत नव्हता, आणि हीच या प्रकरणातली अवघड जागा आहे. अशा मशीनच्या आत इलेक्ट्रॉनिक गोंगाट गाळायला एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज (वीज आणणारी तार) आणि बॉडी (मशीनचा पत्रा), न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि बॉडी यांच्यामध्ये जोडलेले असतात. त्यांच्यातून जो किंचित करंट बॉडीवर येतो तो अर्थिंगच्या तारेने निघून जावा अशी योजना असते. तारच नसेल तर बॉडी दोघांच्या मध्ये लोंबकळत राहते, म्हणजे २३० व्होल्टच्या घरात ११५ व्होल्टच्या आसपास. आकडा भीतीदायक दिसतो, पण कपॅसिटर इतके छोटे असतात की त्यांच्यातून माणसापर्यंत पोचतो तो साधारण अर्धा मिलिअँपिअर (मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग). माणसाला करंट जाणवायला लागतो तोच मुळी अर्ध्या ते एक मिलिअँपिअरला. म्हणून मुंग्या येतात आणि इजा होत नाही.

पण त्या मुंग्यांचा अर्थ एकच होता: या मशीनला अर्थिंग नाही. दुरुस्तीवाल्याने लक्षण बरोबर ओळखलं आणि रोग सांगितलाच नाही. मला खरा राग येतो तो टेस्टरचा. त्यातला निऑनचा दिवा मिलिअँपिअरच्या काही अंशावर पेटतो. समोर निरुपद्रवी गळती आहे की जीव घेणारा फेज, यातला फरक तो सांगत नाही. त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच येतं, आणि पुढे या प्रकरणात त्याचं ‘नाही’ जास्त महागात पडलं.

झिणझिण्या थांबल्या तेव्हा

घटनेच्या आठ दिवस आधी मुलीला शॉक बसला. मशीन चालू होतं, पाणी तापत होतं. ती वरच्या फळीवरून काहीतरी काढत होती, पायात चप्पल नव्हती, आणि हाताची मागची बाजू दाराच्या बिजागरीच्या उघड्या धातूला घासली. “कुणी तरी हात खेचून भिंतीवर आपटल्यासारखं झालं,” ती म्हणाली. कोपर दोन दिवस दुखत होतं. आईने विचारलं, “काही झालं नाही ना?” आणि खरंच काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तोच दुरुस्तीवाला परत आला. मशीन बंद होतं. त्याने टेस्टर बिजागरीला लावला, मागच्या पत्र्याला लावला, स्क्रूला लावला. दिवा पेटलाच नाही. “आता तर काहीच येत नाही,” तो म्हणाला. आणि खरोखरच त्या आठवड्यात झिणझिण्याही पूर्ण बंद झाल्या होत्या. घरच्यांना वाटलं, चला, आपोआप बरं झालं.

मशीन उघडून हीटर सुटा केला आणि मेगर, म्हणजे वीज कुठे झिरपते का हे विरोध मोजून सांगणारं मीटर, लावला तेव्हा मला याचं उत्तर मिळालं. हीटर म्हणजे धातूची एक नळी, आत तापणारी कॉइल, आणि दोघांच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची ठासून भरलेली भुकटी. भुकटी उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते. पण नळीला चीर गेली की ती पाणी शोषते. या हीटरवर क्षारांची जाड पुटं चढली होती, आणि एका टोकाला पूट खरवडल्यावर खाली केसासारखी चीर दिसली. मेगरचा काटा शून्याला टेकला. कॉइल आणि मशीनची बॉडी आता एक झाली होती.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत म्हणायची तर. या मशीनचा रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा आतला स्विच, हीटरची एकच बाजू तोडायचा. प्लग सुलट असताना तो फेज तोडायचा. त्यामुळे मशीन बंद असलं की कॉइल न्यूट्रलला टांगलेली राहायची, आणि चिरेतून तिने बॉडीलाही न्यूट्रलला बांधून टाकलं होतं. म्हणून झिणझिण्या गेल्या, म्हणून टेस्टर गप्प राहिला. बिघाड वाढला आणि लक्षण नाहीसं झालं. पाणी तापायला लागलं, रिले जुळला, की तीच बॉडी फेजच्या जवळ पोचायची. मुलीचा हात नेमका त्या वेळी लागला होता.

घटनेच्या दिवशी सकाळी फरशी धुण्यासाठी एक्स्टेंशनचा प्लग काढला गेला आणि पुन्हा लावला गेला. दोन पिनांचा प्लग सॉकेटमध्ये कसाही बसतो. या वेळी तो उलटा बसला. फेजच्या जागी न्यूट्रल, न्यूट्रलच्या जागी फेज. रिले आता न्यूट्रल तोडत होता, आणि मशीन ‘बंद’ झाल्यावरही कॉइलवर, म्हणजे बॉडीवर, पुरा फेज उभा होता. प्लग कुणी लावला हे मी विचारलं नाही. घरात ते प्रत्येकाच्या मनात आहे, माझ्या तोंडून यायला नको.

बोटं सुटत नाहीत

दुपारी तो कपडे काढायला गेला. हात ओले, पाय अनवाणी, फरशी ओली. उजव्या हाताने मशीनच्या दाराची धातूची कड धरली आणि डाव्या हाताने बाजूच्या बादलीवरचा धातूचा नळ बंद करायला गेला. नळाची पाइपलाइन धातूची, थेट जमिनीत गेलेली. एका मुठीत फेज, दुसऱ्या मुठीत जमीन, आणि मध्ये छाती.

शरीराचा विरोध किती, याला एक उत्तर नाही. कोरड्या तळहाताची कातडी कमी व्होल्टेजला हजारो ओहमचा विरोध करते, कष्टाचे घट्टे असतील तर त्याहून जास्त. पण २३० व्होल्टला कातडी फार काळ तग धरत नाही, आणि ओली असली तर जवळजवळ धरतच नाही. मग उरतं ते आतलं खारट पाणी, म्हणजे रक्त, स्नायू, नसा. एका हातातून दुसऱ्या हाताकडे जाताना सगळं मिळून हजार ओहमच्या आगेमागे. मनगटं अरुंद, त्यामुळे त्यातला बराच विरोध तिथेच. ओल्या, घट्ट मुठींचा हिशोब मी १,३०० ओहम धरून केला. २३० भागिले १,३००, म्हणजे १७० ते १८० मिलिअँपिअर.

आता मुलगी आणि बाप यांच्यातला फरक पाहा. दोघांच्याही हाताचे स्नायू एकाच क्षणी आखडले. ५० हर्ट्झची वीज सेकंदाला शंभर वेळा शिखराला जाते. स्नायूला दोन धक्क्यांच्या मध्ये सैल व्हायला वेळच मिळत नाही, तो ताठच राहतो. हाताची बोटं मिटणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा जोरकस. हाताची मागची बाजू लागली तर कोपर दुमडतं आणि हात सुटतो. मुठीत काही असेल तर मूठ आवळली जाते. एकच ओढ होती, तिने मुलीला सोडवलं आणि बापाला बांधलं. तिला किती करंट लागला असेल? धातूवर हाताच्या पाठीचा नखाएवढा भाग, पाय कोरड्या फरशीवर, क्षणभराचा स्पर्श. दहाएक मिलिअँपिअर असावा.

हात सोडता येण्याची ही मर्यादा कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी गेल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास माणसांवर मोजली. १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया, सगळे स्वेच्छेने आलेले. हातात तार धरायची, करंट हळूहळू वाढवत न्यायचा आणि कुठवर सोडता येते ते पाहायचं. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांची साडेदहा. (असे प्रयोग आज कुणी करू देणार नाही, पण जगभरची सुरक्षेची गणितं अजून त्या आकड्यांच्या खांद्यावर उभी आहेत.) या माणसाच्या हातातून त्या सरासरीच्या दसपट जात होता. “जोर लावून सोडायचं ना!” असं नंतर एक पाहुणे म्हणाले. जोर तर त्याचे स्नायू लावतच होते, आवळायला.

आणि आवाज. वीस-तीस मिलिअँपिअर छातीतून गेले की श्वासाचे स्नायूही तसेच ताठरतात. हवा आत-बाहेर होत नाही, त्यामुळे ओरडता येत नाही. भिंतीपलीकडे वहिनी बसल्या होत्या, त्यांना काहीही ऐकू आलं नाही.

चाळीस वॅटचा बल्ब

मित्राचा प्रश्न रास्त होता. “बोर्डावर एमसीबी होता ना? तो का पडला नाही?”

एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, होता. १६ अँपिअरचा, चांगल्या स्थितीतला. तो पडला नाही कारण पडण्यासारखं त्याच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं. भावाच्या शरीरातून जात होता ०.१७ अँपिअर. ४० वॅटचा साधा पिवळा बल्ब तेवढाच घेतो. एमसीबीला तिकडे एक माणूस आहे की एक बल्ब, हे कळायला मार्ग नाही. १६ अँपिअरचा एमसीबी झटक्यात पडायला जातीप्रमाणे पन्नास ते दीडशेच्या घरात अँपिअर लागतात. तो तारा जळू नयेत म्हणून असतो. माणूस जळू नये म्हणून नव्हे. फ्यूजचंही तेच. हे मी इतक्या वेळा सांगितलंय, आणि दर वेळी समोरच्याचा चेहरा फसवलं गेल्यासारखा होतो.

माणसासाठी जे असतं ते आरसीसीबी. ते या घरात नव्हतं. त्याचं तत्त्व साधं आहे: फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला पाहिजे. दोन्ही तारा एका कड्यातून जातात, फरक ३० मिलिअँपिअरला पोचला की ते तोडतं. नुसत्या ३० ला जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंद, आणि त्याच्या पाचपट, म्हणजे १५० च्या वर गेलं तर ४० मिलिसेकंद. भावाचा १७०. म्हणजे अर्थिंग नसतानाही, चीर असतानाही, प्लग उलटा असतानाही सेकंदाच्या पंचविसाव्या भागात वीज गेली असती. जोराचा झटका बसला असता, कदाचित हात भिंतीवर आपटला असता. घरात वापरायचं हे संवेदनशील उपकरण १९६१ मध्ये पुढे आणलं तेही डाल्झिएल यांनीच. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर मात्र ते काही करत नाही, कारण गेला तेवढा परत येतो. आणि त्याच्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण अधूनमधून दाबून पाहायचं असतं. मी तपासलेल्या बोर्डांवर ते बहुधा कारखान्यातून आल्यासारखं कोरं असतं.

नुसतं अर्थिंग असतं तर? बहुतेक भागलं असतं. पण ‘बहुतेक’च. अर्थिंगचा विरोध पाच ओहम असेल तर दोषातून ४६ अँपिअर वाहतात, आणि १६ चा एमसीबी त्याला काही सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ घेतो. तेवढा वेळ बॉडीवर धोकादायक व्होल्टेज राहतं. अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडी आहे. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

ठोका कुठे चुकला

व्होल्ट, अँपिअर, ओहम यांच्या पलीकडे एक चौथी गोष्ट आहे, वेळ. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात एक छोटी फट असते, ठोक्याचा जेमतेम दहावा भाग, जेव्हा स्नायूचे काही तंतू परत तयार झालेले असतात आणि काही नसतात. त्या फटीत बाहेरचा धक्का आला तर हृदयाच्या खालच्या कप्प्यांची लय फुटते. सगळे तंतू आपापल्या मनाने थरथरायला लागतात. हृदय हलतं, पण पिळलं जात नाही, रक्त पुढे जात नाही. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात ते हेच. मुलीचा स्पर्श इतका छोटा होता की ती फट हुकायचीच शक्यता जास्त. बाप दहा-पंधरा सेकंद चिकटून होता, असं घरच्यांच्या सांगण्यावरून दिसतं. म्हणजे डझनभर ठोके, आणि प्रत्येकात ती फट. शिवाय करंट टिकून राहिला तर फिब्रिलेशनला तो कमी पुरतो: क्षणभरासाठी कित्येकशे मिलिअँपिअर लागतात, सेकंद-दोन सेकंदांनंतर चाळीस-पन्नासही.

मुलगी दारात आली तेव्हा तिने पाहिलं ते असं: बाबा उभे, दोन्ही हात पसरलेले, मान एका बाजूला वळलेली, जबडा घट्ट. मागून तिचा भाऊ धावत आला आणि त्याने हात पुढे केला. ती किंचाळली, “हात नको लावूस!” आठ दिवसांपूर्वीचा तो शॉक तिच्या कोपरात अजून होता. ती पॅसेजमधल्या मेन स्विचकडे धावली. वीज गेली आणि बाबा गळून पडले. मला विचाराल तर त्या दुपारी एकाऐवजी दोन माणसं जमिनीवर पडली नाहीत याचं श्रेय त्या तीन शब्दांना आहे. मेन स्विच हाताशी नसता तर कोरडी लाकडी काठी किंवा प्लास्टिकची खुर्ची, तीही कोरड्या जागी उभं राहून. पण हे घरातल्या २३० व्होल्टचं झालं. रस्त्यावर पडलेल्या उच्च दाबाच्या तारेजवळ कसलीही काठी घेऊन जायचं नाही, तिथे जमीनच शॉक देते. लांब राहायचं आणि वीज बंद करवायची.

पुढची दोन मिनिटं वाया गेली. तो अधूनमधून आचके देत होता, घशातून घरघर येत होती, आणि सगळ्यांना वाटलं, श्वास चालू आहे. पाणी शिंपडलं, तळवे चोळले. शेजारचे काका आले. त्यांनी कधी तरी कामाच्या ठिकाणी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं होतं. ते म्हणाले, “हा श्वास नाही,” आणि छातीवर दाबायला बसले. छातीच्या मधोमध, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस. “बरगडी मोडल्याचा आवाज आला,” त्यांनी मला हळूच सांगितलं, माफी मागितल्यासारखं. मोडू दे. काही न करता फिब्रिलेशनमधल्या माणसाची वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. बरगडी नंतर सांधते.

अँब्युलन्स नऊ मिनिटांनी आली. डिफिब्रिलेटरचे दोन झटके दिल्यावर लय परत आली. विजेने बिघडवलेलं विजेनेच सुधारलं, हे ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण ते ज्ञान जुनं आहे. जिनिव्हामध्ये प्रेव्होस्ट आणि बातेली यांनी १८९९ मध्येच कुत्र्यांवर दाखवलं होतं की छोट्या झटक्याने हृदय थरथरायला लागतं आणि मोठ्या झटक्याने ती थरथर थांबते. आणि काकांनी जे हातांनी केलं त्याच्या मुळाशीही विजेचे अपघातच आहेत. लाइनमन मरत होते म्हणून वीज कंपन्यांच्या पैशाने जॉन्स हॉपकिन्समध्ये संशोधन सुरू झालं. ते करणारे विल्यम कौवेनहोवेन डॉक्टर नव्हते, आमच्यातलेच, इलेक्ट्रिकल इंजिनीअर. डिफिब्रिलेटरची जड पॅडल कुत्र्याच्या छातीवर नुसती दाबली तरी रक्तदाब उसळतो, हे त्यांच्या सहकाऱ्याच्या, गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आलं. १९६० मध्ये त्या दोघांनी जेम्स ज्यूड या सर्जनबरोबर छाती दाबण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

कागदांवरून

हॉस्पिटलच्या कागदांतलं सगळं इथे उतरवत नाही. दोन्ही तळव्यांवर नखाएवढे, राखाडी-पांढरे, मध्ये खोलगट आणि कडेला उचललेले डाग होते. दुखत नव्हते, कारण तिथल्या नसाच भाजलेल्या. “एवढीशी तर जखम आहे,” असं प्रत्येक भेटायला आलेला म्हणाला. विजेची जखम वरून बघून मापता येत नाही. उष्णता आत, स्नायूंत आणि हाडांलगत तयार होते. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटले तर त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मूत्रपिंडात जाऊन अडकतं, म्हणून लघवीचा रंग पाहत राहतात आणि सलाइन चालू ठेवतात. उच्च दाबाच्या विजेत हे फार दिसतं, तिथे कधी हात-पायही कापावे लागतात. इथे तेवढं नव्हतं. रक्तातलं स्नायूंचं एन्झाइम वाढलं आणि चार-पाच दिवसांत उतरलं. ईसीजीवर नजर ठेवली, पुन्हा लय बिघडली नाही.

चुकलं ते खांद्याचं. डावा हात बाहेरच्या बाजूला फिरत नव्हता. समोरून काढलेला एक्स-रे ठीक दिसला आणि सगळ्यांनी मार लागला असेल असं धरलं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कोनातून फोटो काढला तेव्हा कळलं, सांधा मागच्या बाजूला निखळलेला होता. साध्या पडण्याने खांदा बहुधा पुढे निखळतो. मागे निखळायला सगळे स्नायू एकदम ताकदीने आखडावे लागतात, झटके येताना किंवा शॉकमध्ये, आणि समोरच्या फोटोत तो हुलकावणी देतो ही त्याची ख्यातीच आहे. शॉकनंतर खांदा वळत नसेल तर दुसऱ्या कोनातून फोटो मागावा, एवढं तरी घरच्यांना माहीत असायला हवं.

तीन महिन्यांनी मी पुन्हा गेलो. बोर्डावर आरसीसीबी बसला होता, मशीन नवं होतं आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट लावलेलं होतं. त्यासाठी बाथरूमची मांडणी पुन्हा जुनी केली होती. डाव्या हाताच्या करंगळीत बधिरपणा आहे, तो म्हणाला. नावं विसरतो. दाराची कडी उघडायच्या आधी हाताची मागची बाजू टेकवून बघतो, लाकडी दाराचीसुद्धा.

त्याला एकच गोष्ट पक्की आठवते. तो मुलीला हाक मारत होता. तिचं नाव घेऊन, अगदी मोठ्याने, तीन-चार वेळा. “तिने ऐकलं म्हणून तर ती आली,” तो म्हणाला. मुलगी शेजारीच बसली होती, काही बोलली नाही. जाताना मी तिला बाहेर विचारलं. हाक वगैरे काहीच नव्हती, ती म्हणाली. बादली भरून बाहेर वाहायला लागली होती आणि नळ कुणी बंद करत नव्हतं, त्या आवाजाने ती उठून बघायला गेली.